जंगूबाईचा पत्ता लागला तो दिवस

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत इंद्रवेल्लीजवळच्या एका रिकाम्या वसतिगृहात तात्पुरतं कोविड केंद्र उघडलं होतं आणि तिथल्या नोंदींच्या टेबलावर माझी नेमणूक झाली होती. आमचं मराठी घर कितीतरी पिढ्या आदिलाबादेत राहिलेलं. कुलदैवत माहूरची रेणुकामाता. तिचं नाव घेतल्याशिवाय मी कधी घराबाहेर पडत नसे. पण त्या दिवसांत नाव ओठांवर यायचं आणि मन कोरडंच राहायचं. रोज संध्याकाळी मी वर आकडे पाठवत असे: किती तपासले, किती बाधित निघाले, किती पुढे पाठवले, किती गेले. बाई की पुरुष, वय काय, एवढं विचारलेलं असायचं. माणूस गोंड की कोलाम, कोणत्या गुड्यातला म्हणजे पाड्यातला, कोणती बोली बोलतो, हे कुणी विचारलंच नव्हतं. मग कधीतरी वरून फोन येई, तुमच्याकडे आदिवासी किती आजारी आहेत म्हणून, आणि माझ्याकडे उत्तर नसे. जे कशातच मोजले जात नाहीत ते देवीला तरी ठाऊक असतील का, असं मनात यायचं आणि त्या विचाराचीच भीती वाटायची.

अशात लिंगू आला. डोंगराकडच्या गुड्यातला गोंड शेतकरी, पन्नाशीचा. त्याच्या बायकोला, जंगूबाईला, दम लागल्यामुळे आमच्याकडून रुग्णवाहिकेत घालून हैदराबादला पाठवलं होतं. सोबत कुणाला जाऊ दिलं नव्हतं. तिला गोंडीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. त्यानंतर तिची काहीच खबर नव्हती. पहिल्या दवाखान्यात जागा नव्हती म्हणून गाडी दुसरीकडे गेली, तिथून आणखी कुठेतरी, एवढंच चालकाने सांगितलं. त्या धावपळीत तिचे कागद कुठे राहिले कुणास ठाऊक. मी एकेका दवाखान्याला फोन लावत होते. सगळीकडून एकच उत्तर, या नावाची बाई आमच्याकडे नाही.

लिंगू रोज पायी यायचा आणि फाटकाबाहेर बसून राहायचा. मी खिडकीतून नुसती मान हलवायची, की तो उठून चालू लागायचा. एकदा त्याने सांगितलं, जंगूबाई हे आमच्या देवीचं नाव, ती डोंगरातल्या गुहेत राहते, घरी तिच्यापुढे दिवा ठेवलाय. मीही माझ्या देवीला सांगितलंय, असं मी म्हणाले. खरं म्हणजे मी फक्त शब्द उच्चारले होते. ती जगली असेल असं मला वाटत नव्हतं.

मग एका दुपारी हैदराबादहून फोन आला. तिथल्या शवागारात एका अनोळखी बाईचा देह होता, गोंदवलेले हात, वय साठीच्या आसपास. ओळख पटवायला घरच्यांनी उद्या यावं, नाहीतर पुढचं सगळं तेच उरकतील. आमच्या डॉक्टरांनी गाडीची सोय केली आणि लिंगूला सांगायचं काम माझ्यावर आलं. मी बाहेर गेले. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, ते नसन तं?" त्याने विचारलं. "आन् असन तं मी गुड्यात काय सांगू?"

आत येऊन मी खुर्चीत बसले. त्या दिवसांत मी देवीकडे पुष्कळ मागितलं होतं, ही बाई वाचू दे, तो आकडा कमी होऊ दे. त्या क्षणी मागायलासुद्धा त्राण उरलं नव्हतं. आई, माझ्याच्यानं आता होत नाही, हे तुझं तू बघ, एवढंच मनात आलं. ती प्रार्थना होती असंही मी म्हणणार नाही.

टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे एक धापा टाकणारी बाई होती. ती तिच्या मुलाला हाक मारत होती. हे इंद्रवेल्लीचं कोविड केंद्र आहे, नंबर चुकला असेल, असं मी म्हणाले. ती हैदराबादच्या एका दवाखान्यात होती आणि मुलाचा नंबर लावताना तिथल्या नर्सने एक आकडा चुकीचा दाबला होता. मी फोन ठेवणार तोच ती म्हणाली, "थांबा बाई, इंदरवेल्लीहून बोलून राह्यल्या काय तुमी? माह्या बाजूच्या खाटेवर एक गोंडाची बाई हाय. तिची बोली इथं कोणालेच समजत नाही. मी आठवडी बाजारात बांगड्या भरते, मले थोडी येते. ते रोज म्हणते, जंगूबाई जित्ती हाय म्हणून घरी सांगा. आता सांगू तं कोणाले सांगू?"

मी धावत जाऊन लिंगूला आत आणलं. तो फोनमध्ये गोंडीत काहीतरी बोलला. बराच वेळ पलीकडून फक्त खोकला ऐकू येत होता. मग एक बारीक, रागावलेला आवाज आला. लिंगू खाली बसला आणि टेबलाच्या पायाला कपाळ टेकून रडू लागला. काय म्हणाली, असं मी नंतर विचारलं. "एवढे दिवस काऊन नाही आला म्हणते," तो म्हणाला.

त्या दवाखान्यात तिचं नाव गंगाबाई लागलं होतं आणि गाव नुसतं आदिलाबाद. शवागारातली बाई कोण होती, तिच्या घरी कळलं की नाही, हे मला आजही माहीत नाही. फोन करणाऱ्या बाईचं नाव शकीलाबी, राहणार इचोडा. तिच्याकडून मुलाचा बरोबर नंबर घेऊन मी त्याला कळवलं आणि त्याच संध्याकाळी मायलेकांचं बोलणं झालं. जंगूबाई काही आठवड्यांनी घरी आली. शकीलाबी आली नाही. मुलाला भेटायला मी इचोड्याला गेले. तो म्हणाला, अम्मीशी शेवटचं बोलणं झालं, तेवढं तरी पदरात पडलं.

डॉक्टरांना सांगून मी पुढे पाठवायच्या प्रत्येक माणसाच्या कागदावर गुडा, जमात, बोली आणि घरच्या कुणाचा तरी फोन लिहायला सुरुवात केली. ते माझ्या हातातलं होतं. एक का परत आली आणि दुसरी का नाही, हे माझ्या हातातलं नव्हतं, आणि त्याचा हिशेब देवीकडे मागायचं मी सोडून दिलं आहे. माहूरचं मंदिर उघडल्यावर दर्शनाला गेले. रांगेत मनाशी बरंच काही ठरवलं होतं. समोर उभी राहिले तेव्हा तोंडून फक्त शकीलाबीचं नाव निघालं. मी हात जोडले आणि मागच्या बाईला जागा दिली.