बाणाचं दुसरं टोक

रेडिओमावशी हे नाव कोणी ठेवलं ते आजवर कोणी कबूल केलेलं नाही, पण ठेवणाऱ्याला विनोदाची जाण होती एवढं नक्की. कारण हा रेडिओ अख्ख्या शेडला बातम्या पुरवतो आणि त्यातून आवाज म्हणाल तर काडीचा येत नाही.

कापड गिरणीची ती शेड. एकशेचाळीस माग एकदम चालतात. दार ढकललं की गोंगाट कानात शिरत नाही, थेट छातीत शिरतो. नवी बाई पहिले दोन दिवस बेंबीच्या देठापासून ओरडते, तिसऱ्या दिवशी घसा बसतो, आणि मग तिला शहाणपण येतं. इथं बोलायचं ते ओठांनी. घशाला सुट्टी. ओठ जरा मोठे हलवायचे, भुवया कामाला लावायच्या, आणि समोरचीच्या तोंडाकडे बघत राहायचं. मावशीने या पद्धतीने सव्वीस वर्षांत सहा माग सांभाळले, दोन लग्नं जुळवली, आणि धाकट्या जावेशी, जी पुढच्याच रांगेत कामाला आहे, जन्माची मैत्री केली. घरी गेल्यावर दोघींना आवाज फुटतो आणि लगेच भांडण होतं, तो भाग वेगळा.

सवय अशी, की घरीही मावशी कधीकधी नुसतेच ओठ हलवायची. नवरा वैतागायचा. “अगं, आवाज चालू कर! मी काय मागावरची बाई आहे?”

तर अशा या शेडला यंदा नवे साहेब आले. वय तिशीचं, कान उत्तम. येताना सोबत एक प्रशिक्षक घेऊन आले. जेवणाच्या सुट्टीत बायकांना बसवून प्रशिक्षकाने फळ्यावर चौकटी काढल्या. डावीकडे बोलणारा, उजवीकडे ऐकणारा, मधून एक बाण, आणि बाणावर विजेसारखी वेडीवाकडी रेघ. “हा गोंगाट,” तो म्हणाला. “गोंगाट वाढला की संदेश मरतो.”

पन्नास बायका निःशब्द हसल्या. त्यांचं सगळं आयुष्य त्या वाकड्या रेघेत गेलं होतं आणि त्यांचा एकही संदेश मेला नव्हता.

मावशीने हात वर केला. “हा बाण परत कधी येतो?”

“परत?”

“मी जावेला सांगितलं, तुझा धागा तुटलाय. तिने मान हलवेपर्यंत मी नजर काढत नाही. नाहीच हलवली तर मी बोललेच नाही असं धरायचं आणि पुन्हा बोलायचं. तुमच्या चित्रातला माणूस बोलला आणि निघाला चहाला.”

प्रशिक्षक खूश झाला. “त्याचा दुसरा तक्ता आहे माझ्याकडे! त्यात बाण परत येतो. आणखी एक आहे, त्यात दोघंही एकाच वेळी बोलतात आणि ऐकतात.”

“ते राहू द्या,” साहेब घड्याळ बघत म्हणाले. “पहिला पुरे.”

पहिला पुरेसा का होता ते पुढच्या आठवड्यात कळलं. सगळ्यांची श्रवण तपासणी झाली. ऑफिसातल्या बंद खोलीत, कानांवर यंत्र लावून. पिऽऽ आवाज आला की बटण दाबायचं. मावशीने दोनदा दाबलं, त्यातलं एकदा तपासणाऱ्या मुलीला वाईट वाटू नये म्हणून. निकालाचा कागद आला, ‘सूचना ग्रहण करण्यास अपात्र’. असे पाच कागद निघाले. पाचही जणींनी सोमवारपासून मागच्या गोदामात चिंध्या निवडायच्या.

त्या संध्याकाळी नवरा म्हणाला, “बरंच झालं की. बसून काम.”

“बसून, आणि भिंतीकडे तोंड करून. अर्धा अंधार. कोणाचं तोंड दिसत नाही तिथं.” मावशीने ताट सरकवलं. “तिथं गेले तर मी बहिरी होईन. शेडमध्ये नाहीये मी बहिरी.”

या वेळी तिने आवाज चालू ठेवला होता, आणि जरा जास्तच.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात गेली. प्रशिक्षकही तिथंच होता.

“मावशी, हे तुमच्या भल्यासाठीच आहे,” साहेब म्हणाले.

“कान घेऊन आले होते मी इथं. दोन्ही. धड. ते तुमच्या शेडने खाल्ले, आणि आता तुम्हीच विचारता कान कुठायत?”

“तपासणीत जे आलं ते आलं.”

“सूचना कुठं द्यायची असते? शेडमध्ये. मग तपासणी बंद खोलीत कशी? तळ्यात पोहायचंय आणि परीक्षा खाटेवर घेताय.”

“प्रश्न बरोबर आहे, साहेब,” प्रशिक्षक हळूच म्हणाला.

साहेबांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पुढचे दोन्ही तक्ते मनातच गुंडाळले. पण मावशी दारात उभी होती आणि हलायचं चिन्ह नव्हतं. “ठीक आहे,” साहेब म्हणाले. “होऊन जाऊ द्या.”

शेड चालू. प्रशिक्षकाने दहा सूचना दहा चिठ्ठ्यांवर लिहिल्या. रांगेच्या एका टोकाला साहेब, दुसऱ्या टोकाला पाटी घेऊन मावशी, मध्ये बारा माग धडधडतायत. साहेबांनी पहिली चिठ्ठी तोंडासमोर धरून वाचली. मावशी तरातरा चालत गेली, त्यांचा हात मनगटाला धरून खाली केला आणि परत जागेवर आली. मग सुरू झालं. ‘आठ नंबरचा माग थांबवा.’ लिहिलं. ‘सुताच्या कांड्या संपल्या, नवी पेटी आणा.’ लिहिलं. सात झाल्यावर साहेब प्रशिक्षकाकडे वळून काहीतरी पुटपुटले. मावशीने तेही लिहिलं आणि पाटी उंच धरली. ‘हिला कोणीतरी मागून खुणा करतंय बहुतेक.’

माग चालूच होते, पण हसू एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेलं ते साहेबांना दिसलं. कान उत्तम असून उपयोग झाला नाही एवढंच.

दहापैकी दहा. मावशीने पाटी पुसली आणि साहेबांच्या हातात दिली. आता तुम्ही. नाही म्हणायची सोय नव्हती, शंभर डोळे बघत होते. प्रशिक्षकाने लिहिलेल्या दहा नव्या चिठ्ठ्या जावेने वाचल्या. साहेबांनी पाटीवर एकच बरोबर लिहिली, ‘थांबा’. तेवढी तिने हात वर करून दाखवली होती.

ऑफिसात परतल्यावर साहेबांनी नवा कागद पुढे केला. ‘विशेष बाब म्हणून शेडमध्ये राहण्याची परवानगी.’

“सही करा आणि जा कामाला.”

मावशी खुर्ची ओढून बसली. आजवर त्या खोलीत ती कधी बसली नव्हती. “विशेष बाब कसली? पास झालेय मी. अपात्र हा शब्द खोडा. पाचही कागदांवर.”

“बाकीच्या चौघींनी कुठं परीक्षा दिलीय?”

“मग घ्या ना, शेडमध्ये. चिठ्ठ्या तुम्ही लिहा.”

“आणि नाही घेतली तर?”

“तर नियम सगळ्यांना सारखा. शेडमध्ये सूचना कळत नाही असा आणखी एक माणूस आज सापडलाय. त्याचाही कागद काढा. गोदामात जागा आहे.”

प्रशिक्षकाला अचानक खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं. साहेब लाल झाले. बराच वेळ पेनचं टोपण काढ-घाल करत राहिले. “उद्या सकाळी दहाला,” शेवटी म्हणाले. “चौघींनाही घेऊन या. तुमचा शब्द आत्ता खोडतो.”

“नको. राहू द्या तसाच. उद्या पाचही एकदम खोडा, मग सही करीन.”

सही न करता ती उठली. शेडच्या दारापाशी आली तेव्हा काचेतून जाऊ दिसली. मघापासून स्वतःचे सहा आणि मावशीचे सहा असे बारा माग एकटी सांभाळत होती आणि ओठ भराभर हलत होते. मावशीने दोन ओळी वाचल्या. कौतुकाचा एक शब्द त्यात नव्हता. पदर खोचून मावशीने दार ढकललं.