अर्जात पाडलेली इमारत

खडकी बाजारातल्या ज्या दगडी ओसरीत मी बावीस वर्षे टेबल मांडून अर्ज लिहीत आलो आहे, तिचे आणि तिच्या मालकांचे उपकार येथे लेखी नमूद करणे मी माझे कर्तव्य समजतो. माझे शिक्षण आठवीपर्यंत झाले. तथापि माझ्या मसुद्यातला शब्द बदलण्याची गरज भल्याभल्या वकिलांना भासलेली नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

इमारत बैठी आहे. खाली काळ्या दगडाचे जोते, पुढे सागवानी खांबांची ओळ, वर मंगलोरी कौले. मालक, ज्यांना सारा बाजार काका म्हणतो, आत वह्या-पुस्तकांची बांधणी करतात. ही सारी जुनी ओळ वारसा यादीत असल्यामुळे छपराला हात लावायचा तर परवानगी काढावी लागते.

मागच्या पावसाळ्यात एका कोपऱ्यातून पाणी गळून बांधणीला आलेली पुस्तके भिजली, तेव्हा काकांनी मला अर्ज करायला सांगितला. आमच्या धंद्याची एक रीत आहे. साधी तक्रार लिहिली तर कागद फायलीत झोपतो. म्हणून अर्जात साध्या खोकल्याचा क्षयरोग करावा लागतो. मी त्याच रीतीने लिहिले, ‘सदर इमारत अत्यंत जीर्ण व मोडकळीस आलेली असून कोणत्याही क्षणी जीवितहानी संभवते.’ काकांनी न वाचता सही केली. माझे लिखाण ते कधीच वाचत नसत, एवढा विश्वास.

परवानगीऐवजी नोटीस आली. इमारत धोकादायक ठरली होती. पंधरा दिवसांत रिकामी करून उतरवून घ्यावी.

काकांनी ती माझ्या टेबलावर ठेवली. “मी कौलं बदलायला सांगितली होती. आपण तर तिरडीच बांधलीत.”

“काका, रीत असते ती...”

“असेल. आता वर चला.”

शिडी लावून त्यांनी मला माळ्यावर नेले. इतकी वर्षे त्या छपराखाली बसून मी एकदाही मान वर केली नव्हती. वासे लाकडी खुंट्यांनी जोडलेले होते. सांध्यात खिळा नव्हता. काका एकेका तुळईवर माझा हात ठेवीत आणि म्हणत, “दाबा. लिहा.” खाली उतरून सातही खांब ठोकून पाहिले. सहा निकोप निघाले, एक तळाशी कुजलेला. दुसऱ्या अर्जात मी तेवढेच लिहिले. एकही विशेषण न घातलेला माझ्या हातचा तो पहिला कागद. काकांनी या वेळी तो दोनदा वाचला.

पाहणीला कार्यालयातून अभियंता बाई आल्या. हातात दोन्ही अर्ज. बाजार गोळा झाला होता, त्यात माझी नेहमीची पक्षकार मंडळीही होती.

“हा पहिला कोणी लिहिला?”

“मीच.”

“आणि दुसरा?”

“तोही मीच, मॅडम.”

“मग खरा कोणता?”

माझ्या अक्षरावर विसंबलेली माणसे समोर उभी होती. पण इमारत काकांची होती. मी म्हणालो, “दुसरा. पहिला सवयीने लिहिला.”

“तरीच. पहिला वाचून वाटलं, इथे कुणी जिवंत भेटायचं नाही.”

लोक हसले. बाईंनी स्वतः खांब ठोकून पाहिले, माळ्यावर चढल्या आणि खाली येऊन जुन्या पद्धतीने दुरुस्ती करण्याची शिफारस तिथेच लिहिली. नोटीस रद्द झाल्याचे पत्र आठवड्याने आले.

त्यानंतर दोन दिवस मी शरमेने टेबलाकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी काकांनी फोन केला.

“अहो, सुतार आलाय. खांबाला टेकू द्यायचाय, तुमचं टेबल मधे येतंय.”

“घेऊन जातो,” मी म्हणालो.

“नेताय कुठे? हातभर सरकवा. गिऱ्हाईक खोळंबलंय तुमचं.”