आईची खोली आणि कंत्राटदाराची घोडी

गेल्या पावसाळ्यात आईची खोली गळायला लागली. आधी कोपऱ्यात ओल आली, मग पोपडे सुटले, आणि गणपतीनंतर एका दुपारी छताच्या गिलाव्याचा मोठा तुकडा तिच्या पलंगावर पडला. आई तेव्हा स्वयंपाकघरात होती म्हणून वाचली. तिला दम्याचा त्रास, त्यात भिंतींना बुरशीचा वास. कर्जतच्या या घरात आम्ही दोघीच. मी शाळेत शिकवते, दिवसभर ती एकटी. काम होईपर्यंत तिने खोपोलीला माझ्या थोरल्या बहिणीकडे राहावं असं ठरलं. जाताना तिने एकच पिशवी घेतली. कोनाड्यातले देव उचलून हॉलमधल्या कपाटावर मांडले. "महिनाभराचा तर प्रश्न," म्हणाली. "त्यांना कशाला प्रवास?"

कंत्राटदार चौक गावचा. पहिल्या दिवशी त्याने बोलण्यानेच घर भरून टाकलं. "बाई, काय टेन्शन घेऊ नका. आठ दिवसांत आई परत हितंच झोपतील." दुसऱ्या दिवशी त्याची माणसं टेंपोतून लोखंडी घोडी घेऊन आली. गवंडी जिच्यावर उभे राहून छताचं काम करतात, ती. खोलीच्या मधोमध मांडली, अर्धा गिलावा खरवडला आणि गेली. ती माणसं गेलीच.

मग माझं फोन करणं सुरू झालं. "आलोच बाई, चौकात हाय." "साजगावच्या कंपनीत अडकलोय, उद्या नक्की." कधी सिमेंट नाही, कधी माणूस गावाला गेलेला. आवाज चढवावा असं तो कधी बोलायचाच नाही, आणि त्यानेच माझं डोकं जास्त फिरायचं. फोन ठेवताना न चुकता विचारायचा, "आई बऱ्या हायत ना?" मी एकदा खेकसले, तुम्ही काम करा, मग होतील बऱ्या. तो म्हणाला, "ते तर हायच."

आई रोज संध्याकाळी फोनवर विचारायची, "आला का गं मेला?" मी रोज सांगायचे, उद्या येतोय.

दिवाळी गेली. शेवटी कशेळ्याचा एक गवंडी गाठून त्याला घरी आणलं. त्याने दारातूनच आत पाहिलं. "ही घोडी कोनाची?" मी सांगितलं. त्याने चप्पलसुद्धा काढली नाही. "नाय बाई. ज्याची घोडी उभी, त्याचं काम. आमी हात लावनार नाय. उद्या आमचीबी घोडी कुनाच्या घरात असंल."

"मी अंगणात काढून टाकते," मी म्हटलं.

"तरी त्याचीच ना," म्हणाला आणि निघून गेला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घोडी कामासाठी ठेवलेलीच नव्हती. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात, तशी टाकली होती. मी कंटाळून तिच्यावर टॉवेल वाळत घालायला लागले.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी दारात टेंपो थांबला. कंत्राटदार स्वतः आलेला. मला वाटलं, सुटले एकदाची. तर म्हणतो, "बाई, जरा घोडी नेतो. अर्जंट काम हाय, लगेच आनून देतो."

इतक्या महिन्यांचा संताप एकदम उसळला. मी खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. "आधी काम, मग घोडी."

"बाई, असं काय करता!" त्याने विनवण्या केल्या, हसून पाहिलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. माझ्या अंगणात उभा राहून तो म्हणाला, "आलोच ताई, चौकात हाय." मला हसू आवरेना. मग तोही ओशाळून हसला.

पण काम केलं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, छताचा गिलावा, रंग, सगळं. आणि चांगलं केलं, म्हणजे शिव्या द्यायचीही सोय ठेवली नाही. मग घोडी घेऊन गेला.

मी पलंगावर धुतलेली चादर घातली, देव परत कोनाड्यात मांडले आणि आईला फोन केला.

"झालं? बरं झालं बाई," ती म्हणाली. मागे कुकरची शिट्टी, नातीचं खिदळणं. "येते गं, या आठवड्यात येते."

मग नातीची परीक्षा निघाली. मग भजनाच्या बायकांचा कार्यक्रम. "सोमवारी नक्की." 'आला का गं मेला' हे विचारायचं तिने कधी थांबवलं, ते मला आठवेना. हा गोड, घाई नसलेला सूर मात्र चांगला ओळखीचा होता. मला राग आला नाही, फक्त फार थकल्यासारखं झालं. तिथे तिला दिवसभर बोलायला माणसं आहेत. इथे मी शाळेतून येते आणि वह्या तपासत बसते. तिचं काय चुकलं? तरी मला ती इथे हवी होती.

गेल्या रविवारी बहिणीचे यजमान गाडी घेऊन आले. आईने देव मागवले होते. मी एकेक देव तिच्या जुन्या साडीत गुंडाळून दिला. समई दिली, घंटा दिली. कोनाड्यात फक्त गंध उगाळायची सहाण उरली. त्यांनी हात पुढे केला.

"ती राहू दे, भाऊजी," मी म्हटलं. "जड आहे. आई आली की नेईल."

सहाण तळहाताएवढी आहे. ते गेल्यावर मी ती पुसली आणि कोनाड्याच्या मधोमध ठेवली.