फोन उचलणारी अर्लीन

आमच्या ओहायोतल्या गावात स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा फोन अजून उचलणारी एकच बाई उरली होती, अर्लीन हॅकेट. मध्यावधी निवडणुकीला आठ महिने असतानाच जनमत चाचणीवाले फोन करायला लागले. आम्ही बाकीचे अनोळखी नंबर दिसला की फोन कापायचो. अर्लीन मात्र कॉफी ओतून, खुर्ची ओढून, तासभर बोलायची.

मार्चमध्ये तिने एका उमेदवाराला पसंती दिली, कारण विचारणारी पोरगी गोड बोलत होती. मे महिन्यात दुसऱ्याला दिली, कारण पहिल्याचं नाव सांगून झालं होतं. लगेच टीव्हीवरचे शहाणे ओरडले, "या जिल्ह्यात वारं फिरलं!"

मी तिचा शेजारी, मला राहवेना. म्हटलं, "अगं, तुझ्या बडबडीपायी त्या पहिल्या बिचाऱ्याने प्रचारप्रमुख बदलला!"

"मला विचारतात, मी सांगते. तुला विचारतं का कुत्रं तरी?"

नोव्हेंबरात मतदानाच्या दिवशी मी गाडी काढली आणि तिच्या दारात हॉर्न वाजवला. ती खिडकीतूनच म्हणाली, "तू हो पुढे. मत कुणाला दिलं हे विचारायला आज त्यांचा फोन येईल. मी घरात नको का?"