सीलबंद अँप्यूल

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. नव्वदच्या दशकाच्या मध्याला मी इंदापूर तालुक्यात फौजदार होतो. ‘पान्ह्याच्या इंजेक्शन’चा तेव्हा सुळसुळाट झाला होता. रेडकू मेलं की म्हैस पान्हा चोरते. सुई टोचली की चटकन सोडते. रोज टोचून जनावरं खंगत होती. बिनपरवाना विक्री रोखा, असा वरून आदेश आला होता.

शेळगावकडचा एक दूधवाला आमच्या पोलीस ठाण्याला रोज दूध घालायचा. सगळे त्याला तात्या म्हणत. एके सकाळी त्याने खबर दिली.

“सायेब, निमगाव केतकीतल्या डॉक्टरीणबाईकडं फ्रीजभर औषध हाय. तितनंच सगळीकडं जातंय.”

मी खातरजमा केली नाही. छाप्याला पंच हवे होते, तर तात्यालाच जीपमध्ये घेतलं. आमच्या ठाण्यात पंच म्हणजे ठरलेली माणसं. कुठंही सही करणारी.

बाईंचं छोटं प्रसूतिगृह होतं. फ्रीजमध्ये अँप्यूलची, म्हणजे औषधाच्या सीलबंद काचकुप्यांची, दोन खोकी सापडली. त्यांनी खरेदीची बिलं पुढे केली.

“साहेब, हे बाळंतपणासाठी आहे. रक्त थांबवायला. निदान दोन तरी ठेवा, तीन बायकांचे दिवस भरलेत.”

“ते कोर्टात सांगा,” मी म्हणालो आणि दोन्ही खोकी जप्त करून, सील ठोकून ठाण्यात आणली.

बाई बौद्ध कुटुंबातल्या, गावात एकट्या राहणाऱ्या. कारखान्याच्या एखाद्या संचालकाची सून असती, तर मी खुर्ची ओढून बिलं वाचली असती. हे लिहायला मला लाज वाटते, पण खरं तेच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक शेतमजूर धापा टाकत ठाण्यात आला. बायको बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. हातात बाईंची चिठ्ठी होती: दोन अँप्यूल द्या.

“मुद्देमाल आहे. कोर्टाच्या हुकमाशिवाय सील तुटत नाही.”

“सायेब, पाया पडतो. ती पांढरी पडलीया वो!”

मी नियम सांगत राहिलो. अर्धा तास गेला. शेवटी बाईंनी तिला गावातल्या एका जीपमध्ये घालून बारामतीला नेलं. तान्ही मुलगी वाचली, आईही वाचली, पण आईची गर्भपिशवी काढावी लागली. तिचं वय एकोणीस.

दोन दिवसांनी औषध निरीक्षक आले. माल पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

“अहो फौजदार, हे एक पेप्टाइड आहे. अमिनो आम्लांची लहानशी साखळी, बाईच्या अंगातही तयार होते. बाळंतपणात कळा आणते, नंतर रक्त थांबवते. म्हशीला तेच टोचलं की पान्हा फुटतो. औषधावर बंदी नाही, चिठ्ठीशिवाय विकण्यावर आहे. या अँप्यूलवर लेबल, बॅच नंबर, सगळं आहे. गोठ्यातली बाटली मोठी असते आणि कोरी.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला: खबर देणारा तात्या स्वतःच म्हशी पाळणारा दूधवाला होता. तडक तात्याचा गोठा गाठला. वैरणीखाली चाळीस कोऱ्या बाटल्या निघाल्या. चौकशीत हात उगारायचीही गरज पडली नाही.

“ती बाई गावात सांगत फिरायची, टोचलेल्या म्हशीचं दूध घेऊ नगा म्हणून. माझी गिऱ्हाईकं तुटाया लागली. अन् सायेब, तुमी तरी काय कमी? तुमचा च्या बी त्याच दुधाचा व्हतो की!”

तो गजाआड गेला. मला शाबासकीचा शेरा मिळाला. बाईंवरचा गुन्हा रद्द झाला, मुद्देमाल परत करायला मी स्वतः गेलो. त्यांनी दोन्ही खोकी हातात घेतली आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली.

“हे औषध थंड ठेवावं लागतं. तुमच्या खोलीत तापून वाया गेलं,” एवढंच बोलल्या. मी माफी मागितली. त्या आतल्या पेशंटकडे निघून गेल्या.

या प्रकरणाने मला शिकवलं की नियमाआड लपणं फार सोपं असतं. जप्तीतले बैल, ट्रॅक्टर आम्ही सर्रास सुपुर्दनाम्यावर मालकाच्या ताब्यात देत असू. नमुन्याला चार अँप्यूल घेऊन बाकीची तशीच बाईंच्या फ्रीजमध्ये ठेवता आली असती. हे मला छाप्याच्या दिवशीही माहीत होतं. माझा हेका आडवा आला.

बदली होऊन निघालो, त्या दिवशी तो मजूर एस.टी. स्टँडवर भेटला. कडेवर मुलगी होती. मी नजर चुकवली, तर तोच जवळ आला.

“सायेब, मनाला लावून घेऊ नगा. कायद्यापुढं तुमचं तरी काय चालणार व्हतं?”

मी मान हलवली, आणि त्याला खरं न सांगताच गाडीत चढलो.