तुळईचा दंड

सिरिल हॉबडेने जन्मभर लोकांच्या शेतांची कुंपणं विणली; स्वतःच्या घरी तो फक्त झोपायला जायचा. जागेपणी त्याचा मुक्काम ‘काळा मेंढा’मध्ये, म्हणजे हेरफर्डशरमधल्या आमच्या गावच्या पबात. चुलीजवळच्या ओकच्या बाकाला त्याच्या पाठीचा आकार आला होता. बायको गेली तेव्हाही लोक त्याला भेटायला तिथेच गेले. खोलीच्या मधोमध एक बुटकी तुळई होती. तिच्यावर ज्याचं डोकं आपटेल त्याने हजर असलेल्या सगळ्यांना पाजायचं, हा मेंढ्यातला दंड. सिरिलने तो कधी भरला नाही, वसूल मात्र पुष्कळ केला.

मग पब बंद पडला आणि लंडनच्या इमोजन आणि रूपर्टने तो राहायला घेतला. लाकडी सांगाड्याच्या त्या वास्तूतलं सगळं त्यांना आवडलं: वाकडे खांब, उतरती जमीन, काचांतले बुडबुडे. फक्त पब नको होता. पण जुन्या वास्तू जपणाऱ्या कचेरीने कळवलं, की दारावरची मेंढ्याची पाटी, आतला काउंटर आणि खांबाला खुंट्यांनी जडवलेला बाक, यांतलं काहीही हलवायचं नाही. बाकावर बसणाऱ्याबद्दल कचेरीने काहीच म्हटलं नव्हतं.

पहिल्याच संध्याकाळी सिरिल आला, बूट पुसले आणि बाकावर बसला. शेजारी स्वागताला आले, असं समजून इमोजनने त्याला सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, ग्लास दिला. तिथेच चुकलं. आमच्याकडे कुणी पाजलं की उलट पाजल्याशिवाय तोंड दाखवता येत नाही. दुसऱ्या दिवशी सिरिल बाटली घेऊन आला. मग पाळी इमोजनची, मग पुन्हा त्याची. सफरचंदं उतरली, धुकं आलं, पाळ्या चालूच. ‘जा’ म्हणायला नवराबायकोची जीभ रेटेना. रूपर्ट जांभया द्यायचा, इमोजन ताटं मांडायची. बसा तुम्ही जेवायला, माझी काही अडचण नाही, असं सिरिल मोठ्या मनाने सांगायचा.

अखेर रूपर्टला तोडगा सुचला: एका संध्याकाळी दोन्हीकडून एकदमच ओतायचं आणि फिट्टंफाट करायची. हवापाण्याचं बोलता बोलता इमोजनने ते सिरिलच्या कानावर घातलं. तो समजायचं ते समजला. दोन्हीकडून एकदमच ओतलं गेलं. तो आपला ग्लास संपवून उठला आणि म्हाताऱ्या घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा त्याने बाकावरून हात फिरवला.

“बरंय, पोरी. फिटलं सगळं.”

“जपून जा, मिस्टर हॉबडे. बाहेर निसरडं झालंय.”

ती त्याला दारापर्यंत सोडायला निघाली. तुळईखालून बिनचूक वाकून जायला ती केव्हाच शिकली होती. आज वाकली नाही. ठण्‌कन आवाज झाला.

सिरिल दारातच थांबला. “इथला दंड ठाऊक आहे ना?”

“तुम्हीच तर सांगितलात,” कपाळ चोळत ती म्हणाली. “बसा. रूपर्ट, तीन ग्लास आण रे.”

सिरिलने टोपी पुन्हा खुंटीला लावली. रूपर्ट कपाटाकडे निघाला. तो अजून वाकायला शिकला नव्हता.