पाचवीच्या पाटावर बाईचा पेपर

डॉक्टरीणबाई दवाखान्यातून वरडून राहिल्या होत्या, "माझा पेपर कुठाय? टेबलावरचा पेपर कोणी उचलला?" आन् तो पेपर माह्या खाटेजवळ पाटावर, हळद-कुंकू लावलेला, वर पेन, बाजूले वरवंटा. कुशीत सहा दिवसाची पोरगी.

झालं कसं ते सांगते. आमी राहो जरीपटक्यात, बाईच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत. आमचे हे तिथंच पेशंटच्या नावाच्या चिठ्ठ्या फाडे, बाईची गाडी पुसे. मी बाईच्या घरची भांडीकुंडी करो. पोरगी बाईच्याच हातावर झाली. पाचव्या दिवशी पाचवी पुजली. त्या रातच्याले सटवाई येते आन् लेकराचं नशीब लिहिते, म्हणून कोरा कागद आन् पेन ठेवा लागते. सासू म्हणे, वहीचं पान फाड. मी चौथी शिकलेली, मले वाटलं पोरीचं नशीब का वहीच्या पानावर? आमच्या ह्यायले म्हणलं, "अवो, बाईच्या टेबलावरून एखांदा जाड कागद आणा ना." यायनं आणला. पांढरा शुभ्र, वरतून खालपर्यंत चौकोनी घरं छापलेली, सारी रिकामी. सासू म्हणे, "भल्ला चांगला हाय वं. सटवाईले घरं बी आखून हायेत."

मले का मालूम ती घरं बाईची होती. बाई बायकायच्या मोठ्या डॉक्टर, पन मोठ्या डॉक्टरले बी शिकनं सुटत नाही. नवे इलाज निघतात, त्याचे पुस्तकं पोस्टानं येत, मंग प्रश्न येत, आन् उत्तरं त्याच एका नंबरवाल्या कागदावर भरून पाठवा लागत. नाही पाठवली तर मोठ्या डॉक्टरायच्या यादीतून नाव कटे. आन् आज चार वाजताची डाक शेवटची.

बाई खोलीत आल्या, पाट पाह्यला.

"हा इथं काय करतोय?"

"बाई, सटवाईनं लिहिलं हाय जी त्याच्यावर," मी म्हणलं आन् रडालेच लागली.

बाईनं कागद उलटापालटा केला. "मला तर काही दिसत नाही."

"तुमाले कसं दिसन?" सासू म्हणे. "तुमी का सटवाई हा?"

"आजी, चार वाजता डाक जाते. माझं नाव जाईल ना यादीतून."

"आन् आमच्या पोरीचं नशीब जाईन ना पोस्टात. कोन्या गावाले जाईन, कोन फोडन."

बाई कपाळाले हात लावून खाटेवर टेकल्या. मी म्हणलं आता खोली गेली आपली, आता पोरीले घेऊन कुठं जावं. मंग सासूनंच तोड काढली. "बाईसायेब, भरा तुमी. पन तुमी जे लिहान ते आता पोरीच्या कपाळी लागन. चुकू नका."

बाई हासल्या. मी नाही हासली. मी इचारलं, "बाई, पक्कं येते ना जी तुमाले?"

"अगं, वीस वर्षं झाली मला हे काम करता करता."

"मंग परीक्षा काहून घेऊन राहिले तुमची?" सासू म्हणे.

बाईनं कागद परत पाटावर ठेवला. आन् यायले म्हणल्या, "जा, माझी सगळी पुस्तकं आण इकडे."

मंग बाई आमच्या चटईवर मांडी घालून बसल्या, पुस्तकायचा ढीग घेऊन. एक एक प्रश्न मराठीत वाचून सांगे, पेन्सिलीनं घरात खूण करे. दर घराले मी इचारो, "पक्कं?" एकदा पक्कं म्हणता म्हणता बाई थांबल्या, पुस्तक उघडलं, आन् खोडून दुसऱ्या घरात खूण केली. "हे तर बदललंय. मी अजून जुनंच करते आहे." सासूनं माह्याकडे पाह्यलं, म्हणजे पाह्य, मी म्हणत नव्हती का.

शेवटचा प्रश्न राह्यला. बाळंतिणीनं खाटेवरून कधी उठावं. पहिलं घर त्याच दिवशी, दुसरं तीन दिवसानं, तिसरं दहा दिवसानं.

"दहा," सासू म्हणे. "त्यात का इचारनं."

बाई काही म्हणन तर दवाखान्यातला फोन वाजला. कोनाची तरी बाळंतपणाची अडचण. बाई चप्पल घालता घालता म्हणल्या, "ते एक राहू दे कोरं. पाकीट बंद करून नवऱ्याला पोस्टात टाकायला सांग." आन् गेल्या.

आमचे हे सायकलची हवा पाहाले गेले. सासू नळावर. मी, पोरगी आन् तो कागद. कोरं राहू द्या म्हणे. बाईचं नुसतं एक घर होतं, माह्या पोरीच्या नशिबातलं घर होतं ना ते. आन् सहा दिवसापासून सासूनं मले खाटेवर लोळवून ठेवलं, पाठीचं लाकूड झालं. मी पेन्सिल घेतली, पहिल्या घरात खूण केली, बाईवानीच. भाताच्या शितानं पाकीट चिकटोलं आन् यायच्या हाती देल्लं.

पोरगी पालथी पडाले लागली तवा उत्तर आलं. बाई स्वतः खोलीत आल्या पेढे घेऊन. नाव राह्यलं यादीत. एक सोडून सारं बरोबर. कोनतं चुकलं ते काही लिहिलं नव्हतं.

"ते शेवटचं कोरं राहिलं ना, तेच गेलं," बाई म्हणल्या. "असू दे."

"बरं झालं," सासू म्हणे. "सटवाईले एक तरी जागा राह्यली."

माह्या तोंडात पेढा तसाच. कोरं कुठं होतं ते. म्हणजे चुकलं ते एक तर बाईचं, नाही तर माहं, आन् कोनाचं बी असो, पोरीच्या कपाळी तर लागलंच. सांगतलं तर बाई परत चटईवर पुस्तकं मांडून बसन, सासू मले घराबाहेर काढन. मी नाही सांगतलं, आन् आता रोज पोरीच्या कपाळाकडे पाहून राहिली, कोनतं घर, कोनतं घर. तुमी असत्या तर त्या वक्ती पेढा गिळला असता का सांगून टाकलं असतं?